सतरा नंबरचा पाना

ब्रदर नोटकर गेले त्या रात्री
टर्बाइन चालूच होतं.
दवाखान्यात दिवे, गिरणीत दिवे,
आम्ही त्यांच्याभोवती बसून स्तोत्रं म्हणत होतो
आणि खाली ओढ्याकडून ती घरघर,
आमच्याहून एक सूर खाली,
पण तालात.

आमच्याकडे रीत आहे:
माणूस गेला तरी तीस दिवस त्याचं पान मांडायचं.
त्याच्याच जागेवर, बाजूला लाकडी क्रूस ठेवून.
सगळ्यांना तेच त्याला, उगाली, घेवड्याची उसळ,
रविवारी तळ्यातला मासा.
जेवणं उरकली की ते ताट फाटकाशी न्यायचं
आणि पहिला जो भुकेला दिसेल
त्याच्या हातात द्यायचं.

मी कोठीचा ब्रदर.
किल्ल्या, मीठ, रॉकेल, कुदळी, सगळं माझ्या वहीत.
मठाची अवजारं वेदीवरच्या पात्रांसारखी सांभाळा
असं आमची नियमावली सांगते.
बाकीचे मान डोलावतात. नोटकर सांभाळायचे.
प्रत्येक पाना पुसून, तेलाचं बोट लावून खिळ्याला,
आणि खिळ्यामागे भिंतीवर
त्या त्या पान्याची काळी आकृती रंगवलेली,
म्हणजे जे नाही ते आधी दिसावं.

सतराची आकृती चौदा वर्षं रिकामी होती.

पहिल्या दिवशी फाटकाशी कोण असावं?
गाउदेन्स न्दुंगुरू.
त्या पान्यावरूनच नोटकरांनी त्याला वर्कशॉपातून काढलं होतं.
"मी नाही घेतला," तो म्हणाला होता
आधी स्वाहिलीत, मग जर्मनमध्ये.
जर्मन त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

दुसरा कुणी भुकेला सापडतो का म्हणून
मी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं.
एक शेळी होती.

तो उकिडवा बसून जेवला, ताट बोटाने निपटलं.
"मीठ कमी," म्हणाला. "अजूनही."

मग रोजच.
धुकं असलं तरी, बाजाराचा दिवस असला तरी.
"म्हाताऱ्याने आज काय ठेवलंय मला?"
असं विचारायचा, जणू नोटकर आत
अर्धं जेवून उठले आहेत.
मठाधिपती प्लासिडुस खिडकीतून बघायचे
आणि खिडकी लावून घ्यायचे.

बाविसाव्या दिवशी घास तोंडात असताना तो थांबला.
"ऐकलंस? डावं बेअरिंग रडतंय."
मला काही ऐकू आलं नाही.

त्या रात्री शेवटची प्रार्थना झाल्यावर,
म्हणजे पहाटेपर्यंत मौन लागल्यावर,
दिवे मिणमिणू लागले.
मी कंदील घेऊन ओढ्याकडे उतरलो
तर तो आधीच गुडघाभर पाण्यात.
शर्टाखालून त्याने पाना काढला.
सतरा. मुठीपाशी नोटकरांची खूण, कानसेने केलेली.
मी कंदील धरला.
त्याने तीन बोल्ट आवळले, कान लावला,
चौथा जरा सैल केला.
घरघर पुन्हा खाली आपल्या सुरावर आली.

मग बाहीने पाना पुसला,
तेलाच्या डब्यात बोट बुडवून त्यावर फिरवलं,
आणि पुन्हा शर्टाखाली.
माझ्याकडे पाहिलं.
मौन होतं. मी कसा बोलणार?
खरं सांगतो, इतकं सोयीचं मौन
मी आयुष्यात पाळलेलं नाही.

एकतिसाव्या दिवशी पान उचललं, क्रूस कपाटात गेला.
फाटकावर कुणी नव्हतं.
दुपारी मात्र ओढ्याकडून
कुणी जर्मनमध्ये शिव्या घालत असल्याचं
नवशिक्या सेव्हेरीनने सांगितलं आणि क्रूस काढला, घाबरून.

वर्षअखेरीची मोजदाद माझ्याकडे असते.
वहीचं ते पान आलं. पाना, सतरा नंबर.
त्यापुढे चौदा वेळा, तिरप्या अक्षरात, हरवला.
दरवर्षी नोटकर स्वतः येऊन लिहायचे,
मला लिहू द्यायचे नाहीत.

मी लिहिलं: वापरात.

उसळीत मीठ मात्र वाढवलेलं नाही.
कोठी अजून माझी आहे.